आयमनाची दुसरी बुडी

फार वर्षांपूर्वी, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, पण ही गोष्ट तितकी जुनी नाही. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत, आणि तरी दोघांना विचारलं तर दोघं दोन तऱ्हांनी सांगतात. पाण्यावर घडलेल्या गोष्टीचं असंच होतं. मातीवर निदान पावलं तरी उमटतात.

पूर्व बंगालात कांकनी नावाची एक नदी आहे असं समजा, आणि तिच्या काठाला कदमखाली नावाचं गाव. आपल्याकडची नदी पावसात फुगते आणि चैत्रात आटते. तिकडची नदी आपल्या खाडीसारखी. समुद्र रोज दोनदा तिच्यात शिरतो आणि दोनदा निघून जातो, आणि माणसांची सगळी कामं त्याच्या येण्याजाण्यावर ठरतात. त्या नदीवर बेदे नावाचे लोक राहायचे. नावेतच जन्मायचं, नावेतच नांदायचं, आणि मेल्यावर तेवढं कुणाच्या तरी उपकारानं जमिनीत जायचं. त्यांची आपसातली एक गुप्त बोली आहे, तिला ठार म्हणतात. आपल्या कानाला भलतंच वाटतं, पण त्यात मारामारीचं काही नाही. बाजारात गिऱ्हाइकासमोर आपसात बोलता यावं, एवढाच तिचा उपयोग.

या बेद्यांत आयमना नावाची बाई होती. पन्नाशीची, काळीसावळी, आखूड मानेची. तळ्यात अंघोळ करताना बायकांचं काही ना काही पडायचंच. नथ, पैंजण, नाहीतर पोराच्या करगोट्यातलं घुंगरू. आयमना गावोगाव हाळी देत हिंडायची, "हरवलेलं काढून देते गं!" कमरेला दगड बांधून ती तळाशी जायची आणि चिखलात बोटं फिरवायची. वर यायचं झालं की दगडाची सुरगाठ ओढून मोकळी व्हायची. नाकातली चमकी ती पायाच्या अंगठ्यानं ओळखायची, असं म्हणतात. एका तालुकदाराच्या तळ्यातून तिनं तीन पिढ्यांमागे गेलेला कंबरपट्टा वर काढला, तेव्हा त्या घरातल्या एका सुनेवरचा चोरीचा आळ धुऊन निघाला. सून बिचारी कधीच मरून गेली होती, ही गोष्ट वेगळी.

मग त्या मुलखात लढाई पेटली. बंगाली बोलणाऱ्या माणसांना आपलं राज्य हवं होतं, आणि दूरच्या पश्चिमेकडून आलेली फौज ते देत नव्हती. लोक त्या फौजेला खानसेना म्हणायचे आणि आपल्या लढणाऱ्या पोरांना मुक्तिफौज. कांकनीतून खानसेनेच्या तोफा लावलेल्या बोटी वर जायच्या, आणि त्या गेल्या की दुसऱ्या दिवशी वरच्या गावांकडून धूर दिसायचा. या बोटींना तेल मिळायचं कदमखालीच्या धक्क्याला लावलेल्या एका मोठ्या लोखंडी बार्जमधून. बार्ज बुडाली की बोटी जागच्या जागी थांबणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. खानसेनेलाही कळत होतं. म्हणून त्यांनी एक सोपी युक्ती केली. बेद्यांच्या सतरा नावा माणसांसकट पकडून आणल्या आणि बार्जच्या भोवती बांधून टाकल्या, गाईभोवती वासरं बांधावीत तशा. आता लावा म्हणावं सुरुंग.

त्या दिवशी आयमना लांबच्या गावी कुणाची तरी वाटी शोधत होती, म्हणून ती तेवढी सुटली. परत येऊन पाहते तर घाट रिकामा. सतरा नावांपैकी एका नावेत तिची एकुलती एक मुलगी कोहिनूर होती, आणि कोहिनूरच्या कुशीत नऊ दिवसांचं मूल होतं. आयमना काठावर बसून राहिली.

चौथ्या दिवशी तिला मुक्तिफौजेतला निखिलेश नावाचा तरुण भेटायला आला. कॉलेज सोडून आलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बार्ज उडवायचा हुकूम आला होता. परवाचा दिवस ठरला होता, आणि पाण्याखाली तिच्याइतका दम धरणारं माणूस त्यांच्याकडे नव्हतं.

"आणि नावा?" आयमनानं विचारलं.

"खाला, हुकूम आलाय," निखिलेश म्हणाला. तिकडे मावशीला खाला म्हणतात. "तू नाही म्हणालीस तर दुसरं कुणीतरी जाईल. वरच्या अंगाला रोज एक गाव जळतंय."

आयमना त्याच्यावर चिडली नाही. चिडायला तिच्याकडे वेळ नव्हता. "तुमचा देश होईल तेव्हा होईल," ती म्हणाली. "आम्हाला कुठला देश, आम्ही पाण्यावरची माणसं. पण दुसऱ्याला पाठवू नको. मी जाते. माझ्या तऱ्हेनं जाते, दिवसाउजेडी, ओहोटी सुटल्यावर."

तिची तऱ्हा कोणती, ते सांगतो. बेद्यांत एक रीत होती. आपलं माणूस पाण्याखाली गेलं की वर कुणी गाठ ठेवायची नाही. बायकांनी केस मोकळे करायचे, बोचकी सोडायची, आणि नाव जिथं बांधली असेल तिथली दोरीही सोडून नुसती हातात धरायची. वर गाठ राहिली तर खालच्याच्या श्वासाला गाठ बसते, असं ते मानत. दोरी ताणूसुद्धा द्यायची नाही. पाण्यानं नाव ओढली तर हातातून सोडत जायची. आपल्याकडेही बाळंतपण अडलं की जुन्या बायका घरातल्या गाठी सोडायच्या आणि कड्या उघडायच्या, त्यातलाच हा प्रकार. आयमनाचा हिशेब असा होता की आपण बार्जपाशी बुडी मारली की सतरा नावांच्या गाठी आपोआप सुटतील, ओहोटी त्यांना घेऊन जाईल, आणि कुणाला एक शब्द सांगावा लागणार नाही. सांगणं शक्यही नव्हतं. बार्जवर तोराब नावाचा गावातलाच एक माणूस खानसेनेच्या चाकरीत होता. त्याचं लहानपण बेद्यांच्या नावांवर खेळण्यात गेलं होतं, आणि ठार बोली त्याला घरच्या भाषेसारखी कळत होती.

बार्जपाशी बुडी मारायला निमित्त हवं होतं. ते हाशमत सारंगानं दिलं. हा म्हातारा तांडेल बार्जवर जबरदस्तीनं कामाला ठेवलेला, मनानं मुक्तिफौजेचा. ठरलेल्या दिवशी सकाळी त्याच्या हातून तेलाच्या पंपाची पितळी चावी पाण्यात पडली. बार्जवरच्या हवालदारानं त्याला दोन मुस्कटात भडकावल्या. पण मुस्कटात मारून चावी वर येत नाही, आणि दुपारी दोन बोटी तेलाला यायच्या होत्या. तेव्हा तोराबच म्हणाला, "साहेब, इथं एक बेदेनी आहे. चिखलातून सुईसुद्धा काढते."

आयमना होडक्यातून आली तेव्हा ओहोटी नुकती सुटली होती. तिच्या कमरेला नेहमीसारखं गमछ्यात गुंडाळलेलं बोचकं होतं. फक्त आज त्यात दगड नव्हता. त्यात लोखंडाला चिकटणारा सुरुंग होता. त्याचं झाकण काढलं की आतली वडी पाण्यात विरघळायला लागायची, आणि ती विरघळली की सुरुंग फुटायचा. "किती वेळानं?" असं तिनं निखिलेशला तीनदा विचारलं होतं. तो आधी म्हणाला अर्धा तास. मग म्हणाला पाणी गार असेल तर तास. मग चष्मा पुसत म्हणाला, "खाला, पाणी कोमट असेल तर कमीही." काळजी कमी करायला आलेला माणूस ती दुप्पट करून गेला.

बार्जच्या कठड्यावर तोराब उभा होता. त्यानं खाली वाकून बोचक्याला हात घातला आणि उचलून पाहिलं. ते जड होतं. "कसला दगड गं हा, खाला?"

आयमना म्हणाली, "तुझ्या आईची नथ ज्या दगडानं वर आली होती, तोच. तू सात वर्षांचा होतास. काठावर बसून रडत होतास, आई आता मार खाणार म्हणून."

तोराबनं हात काढून घेतला. पुन्हा त्यानं बोचक्याला हात लावला नाही.

सतरा नावांमधल्या माणसांनी आयमनाला ओळखलं होतं. शेवटच्या नावेत कोहिनूर मुलाला पदराखाली घेऊन बसली होती. मायलेकींची नजरानजर झाली, तेवढीच. आयमनाला लेकीचा चेहरा सुकलेला दिसला. मग तिनं तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं आणि बुडी मारली.

कांकनीचं पाणी गढूळ. डोळे उघडले काय आणि मिटले काय, सारखंच. तिनं हातांनी बार्जचं पोट चाचपलं, बुळबुळीत शेवाळ नखांनी खरवडलं, आणि सुरुंग लोखंडाला लावला. तो असा खटकन चिकटला की वर ऐकू गेलं असेल असं तिला वाटलं. तिनं झाकण ओढलं आणि सोडून दिलं. आता वेळ तिच्या हातातून गेली होती. पाणी कोमट होतं. ते तिला अंगभर कळत होतं, आणि त्याच भीतीनं ती घाईघाईत वर आली.

आणि इथं, ऐकणाऱ्यांनो, तिची चूक तिला कळली.

तिनं डोळ्यांतलं पाणी पुसून पाहिलं, तर सतरा नावा होत्या तिथंच होत्या. बांधलेल्या. कोहिनूरचा हात दोरीची शेवटची गाठ आवळून नुकता बाजूला होत होता. सगळ्या बायकांनी केस बांधायला घेतले होते. चाळीस वर्षं आयमना बुड्या मारत होती, आणि आपण खाली असताना वर गाठी सुटतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण वर डोकं निघताक्षणी, डोळे पुसायच्या आत, सगळे पुन्हा गाठी मारतात, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. कसं पाहणार? ती नेहमी खाली असायची. वरच्यांची रीत तिला निम्मीच माहीत होती, आणि त्या निम्म्या रीतीवर तिनं लेकीचा जीव टांगला होता.

"चावी?" वरून हवालदार ओरडला.

ठार बोलीत एक शब्द टाकला असता तर नावा सुटल्या असत्या, पण तोराब हाताच्या अंतरावर होता. आयमनानं पाण्याकडे पाहिलं. ओहोटी आता चांगलीच ओढत होती. खाली ती वडी विरघळत होती, किती उरली होती देव जाणे. मग तिला कळलं की उपाय एकच आहे. गाठी सुटायला तिनं खाली जायला हवं, आणि पुन्हा न बसायला तिनं वर येता कामा नये.

"चावी हाताला लागली होती, निसटली," ती म्हणाली. "दगडही गेला. दुसरा द्या. या खेपेला वेळ लागेल."

हाशमत सारंगानं बार्जवरचा एक लोखंडी गोळा तिला दिला आणि स्वतः होडक्यात उतरून बसला. तिला वर घ्यायला म्हणून. गोळा कमरेला बांधताना तिनं सुरगाठ मारली नाही, निरगाठ मारली, असं सारंग पुढे सांगायचा. त्यानं ते पाहिलं, पण तिला टोकलं नाही. त्याला वाटलं म्हातारी घाबरली म्हणून चुकली. हे सांगताना तो दरवेळी रडायचा.

आयमनानं कोहिनूरकडे एकदा पाहिलं. मग ती खाली गेली.

सतरा नावांच्या गाठी सुटल्या. बायकांनी केस मोकळे सोडले. दोऱ्या हातात आल्या, आणि ओहोटीनं नावा ओढल्या तशा हात ढील देत गेले. सारंग तसबीहचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढत होता. माळ एकदा फिरून आली. बेद्यांमधला चांगला बुडी मारणारा एवढ्या वेळात वर येतो. माळ दुसऱ्यांदा फिरून आली. सगळ्यांचे डोळे बुडबुड्यांवर, आणि दोऱ्या हातातून सरकत चाललेल्या. शेवटी पहिल्या नावेच्या दोरीचं टोक हातातून निसटलं. मग दुसऱ्या नावेचं निसटलं. धरून ठेवायला कुणी धजेना. ताण दिला तर खाली म्हातारीचा श्वास तुटायचा.

"नावा थांबवा!" हवालदार ओरडला. "बांधा परत!"

"बाई खाली आहे, साहेब," कोहिनूर रडत म्हणाली. "गाठ मारली तर ती मरेल."

हवालदारानं बंदूक उचलली. त्याला चावीही हवी होती आणि नावाही हव्या होत्या. त्यानं तोराबकडे पाहिलं. तोराब बुडबुड्यांकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, "जाऊ द्या साहेब. पुढच्या वळणावर गाळ आहे, तिथं रुततील. भरती आली की ओढून आणू. आधी चावी."

खरं तर पुढच्या वळणावर गाळ नाही. तिथं तीन पुरुष खोल पाणी आहे, आणि कदमखालीत वाढलेल्या माणसाला ते ठाऊक नसणं कठीण. तोराब खोटं बोलला की त्या घाईत चुकला, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत आणि दोघं एकमेकांचा हुक्का ओढत नाहीत. त्याला विचारायची सोय उरली नाही. तो शेवटपर्यंत बार्जच्या कठड्यावर वाकून, पाण्यात हात घालून उभा होता.

माळ तिसऱ्यांदा फिरली तेव्हा सारंगाचं होडकंही प्रवाहानं लांब नेलं होतं. कुणी म्हणतं पाव तास झाला होता, कुणी म्हणतं अर्धा. एवढा वेळ माणूस पाण्याखाली जगत नाही हे मलाही कळतं, तुम्ही सांगायला नको. पण बुडबुडे येत होते. शेवटची नाव, कोहिनूरची, वळणाआड गेली, आणि मग कांकनी फुटली. बार्जचा लोखंडी पत्रा ताडाच्या झाडांवरून उडाला. नदीवर आग पसरली आणि ओहोटीबरोबर खाली सरकू लागली. पण वळणापाशी येऊन ती थांबली, आणि नावांपर्यंत पोचली नाही, असं म्हणतात. दुपारी तेलाला आलेल्या दोन्ही बोटी आल्या तशा लटकून राहिल्या. त्या महिन्यात वरच्या अंगाला धूर दिसला नाही.

सतरा नावांतल्या एकाही माणसाला ओरखडा उठला नाही.

दोन कोस खाली गेल्यावर नावा काठाला लागल्या. एका म्हाताऱ्यानं सवयीनं दोरी खुंट्याला बांधायला घेतली. कोहिनूरनं त्याचा हात धरला. ती रडत नव्हती. तिचे केस मोकळेच होते. "नको बांधू, चाचा," ती म्हणाली. "मा अजून वर आली नाही."

म्हाताऱ्यानं दोरी हातात धरली आणि बसून राहिला. भरती आली आणि गेली. निखिलेश आला, काठावर उभा राहिला, आणि परत गेला. त्यानं पुढे आपल्या माणसांना लावून दोन दिवस जाळी टाकून पाहिली. लोखंडी गोळा सापडला नाही, गमछा सापडला नाही, आयमनाही सापडली नाही. सारंग मात्र शपथेवर सांगायचा की स्फोटाच्या आधी बुडबुडे बार्जपासून हलले होते आणि कोहिनूरच्या नावेच्या मागोमाग ओहोटीनं चालत गेले होते. पार वळणाच्या जलपर्णीपर्यंत. पुढे हिवाळ्यात त्या मुलखाला स्वातंत्र्य मिळालं. गावागावात निशाणं लागली, जे गेले त्यांच्या नावांचे दगड उभे राहिले. आयमनाच्या नावाचाही दगड करू, असं सरकारी माणूस म्हणाला. कोहिनूरनं नको म्हणून सांगितलं. दगड मेलेल्याचा लावतात.

कदमखालीच्या घाटावर आजही नाव बांधत नाहीत. दोरीचे खुंट्याला दोन वेढे देतात आणि टोक कुणीतरी हातात धरून बसतं. बाजाराचा दिवस असो, वादळ असो, पाळी लावून धरतात. मध्यंतरी सरकारनं सिमेंटचा धक्का बांधला आणि लोखंडी कड्या बसवल्या, त्या गंजून गेल्या, पण त्यांत कुणी दोरी ओवली नाही. परगावचा कुणी नकळत गाठ मारतो, तर बायका येऊन रागावून नव्हे, समजुतीनं ती सोडतात. ही रीत आता तिथल्या बेद्यांची राहिली नाही, सगळ्या गावाची झाली आहे.

त्या घाटावर उतारूंची होडी चालवणारा माणूस आता पन्नाशी ओलांडलेला आहे. नावा पकडल्या त्या दिवशी तो नऊ दिवसांचा होता. जोराचा वारा सुटला, हात काचले, की एखादा नवखा उतारू कळवळून विचारतो, बाबा, बांधू का एकदाची?

"थांब जरा," तो म्हणतो. "नानी वर येऊ दे."